हरकांतभाईंनी घडवलेली हमालीण

मोतीसर गावात कुणाकडे लग्न निघालं की आधी लग्न लावणारे गोरमहाराज ठरायचे, मग आचारी आणि मग हरकांतभाई. मांडवाच्या दाराशी गणपती रंगवायचा, नवरानवरीची नावं वळणदार अक्षरांत लिहायची, जमलं तर एखादा मोरही काढायचा. दुकानांच्या पाट्या त्यांच्याच हातच्या, शाळेच्या मिरवणुकीतले चित्ररथही त्यांचेच. हायस्कुलात चित्रकला शिकवून ते निवृत्त झाले तरी गावानं त्यांना निवृत्त होऊ दिलं नाही. "हरकांतभाईंना विचारायचं नसतं, सांगायचं असतं," असं लोक हसत म्हणत. ते ऐकून हरकांतभाईही हसत.

जन्म कंसारवाड्यातला. दिवसभर तांब्यापितळेवर हातोडे पडायचे, त्या गोंगाटात एकमेकांशी बोलायचं म्हणजे ओरडूनच बोलावं लागे. अशा गल्लीत वाढलेला हा माणूस इतक्या हळू आवाजात कसा बोलतो, याचं सगळ्यांना नवल वाटे. त्यांची बायको सरयूबेन म्हणायची, "यांच्या वाटणीचं सगळं यांचे बापूजीच बोलून गेले." ते खरंही होतं. तरुणपणी हरकांतला मूर्तिकाम शिकायला बडोद्याला जायचं होतं. बापूजी म्हणाले, "मास्तरकी मिळतेय, ती घे." त्यानं घेतली. पुढे आयुष्यभर जे समोर आलं ते असंच घेतलं. नाही म्हणायचा प्रसंग आला की त्यांचा हात आपोआप चहाच्या बशीकडे जाई.

एकच जागा अशी होती जिथे त्यांना काही सांगणारं कुणी नव्हतं. गावचं जुनं स्टेशन. संस्थानिक ठाकोरसाहेबांच्या काळातली ती दगडी इमारत, कमानींची, सागवानी दारांची, डोक्यावर घड्याळाचा बुटका मनोरा. शाळा सुटली की हरकांतभाई वही घेऊन तिथल्या बाकावर बसत. गाडी आली की हमालणी धावत. मोतीसरला हमाली बायकांचीच होती. सासूचा पितळी बिल्ला सुनेच्या दंडावर यायचा, अशी रीत. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर ट्रंक, ट्रंकेवर वळकटी आणि एक हात कमरेवर. त्या बायका चालायला लागल्या की हरकांतभाईंची पेन्सिल त्यांच्यामागे धावायची. पण कागदावर त्या कधी चालल्याच नाहीत. नुसत्या उभ्या राहिल्या.

मग रूळ बदलायचे ठरले. मोठी लाइन गावाच्या पलीकडून, कापसाची सरकी काढणाऱ्या जिनांमागून गेली आणि तिथे नवं स्टेशन झालं. जुन्यावरून शेवटची गाडी गेली तेव्हा लोकांनी इंजिनाला हार घातले, नारळ फोडले. बहुतेक हमालणी शेतमजुरीला लागल्या. एकटी रूडीबेन तिथेच राहिली. नवरा केव्हाच गेला होता, मूलबाळ नव्हतं आणि भूकंपात घराची भिंत कोसळल्यापासून ती पार्सलच्या खोलीतच निजत होती. जाताना स्टेशनमास्तरांनी तिच्या हातात किल्ल्या दिल्या. "कुलूप लावून ठेव, रूडी. कुणी न्यायला आलं तर दे."

किल्ल्या न्यायला वर्षानुवर्षं कुणी आलं नाही. दारं न्यायला मात्र पुष्कळ आले. रूडीबेननं काठी घेऊन एकेकाला पिटाळलं. सागवानी खिडकी उचकटणाऱ्या दोघांच्या मागे ती शिव्या देत थेट बाजारापर्यंत गेली होती. त्या शिव्या गाव अजून आठवून आठवून हसतं. फलाटावर तिनं शेळी बांधली, भिंतीतून उगवलेले पिंपळ उपटले, पावसाळ्याआधी कौलं सारखी केली. गावातलं बाकी सगळं जुनं मोडीत गेलं. स्टेशन तेवढं उभं राहिलं.

आणि उभं राहिलं म्हणूनच नगीनशेठच्या मनात आलं की तिथे गावाचं म्युझियम करावं.

नगीनशेठ जिनवाले. मोठ्या आवाजाचा, मोठ्या मनाचा आणि घाईचा माणूस. इमारत नगरपालिकेकडे आली होती. शेठनी कमिटी केली, देणग्या जमवल्या आणि एका सकाळी हरकांतभाईंच्या ओट्यावर येऊन बसले.

"हरकांतभाई, कंदील, तिकिटं, झेंडे तर सगळीच गावं मांडतात. आपल्याकडे काय होतं जे दुसरीकडे नव्हतं?"

"हमालणी," हरकांतभाई म्हणाले.

"बस! दारातच हमालणीचा पुतळा पाहिजे. माणसाएवढा. आणि तो तुम्ही करायचा."

उभ्या आयुष्यात हरकांतभाईंना कुणी पुतळा करा म्हणालं नव्हतं. त्या दिवशी ते जेवायचंच विसरले. सरयूबेननं दोनदा हाक मारली तेव्हा कुठे पाटावर आले, आणि भातावर ताक समजून पाणीच ओतून घेतलं.

पुढची बैठक जिनाच्या कचेरीत झाली. गाठिया आणि तळलेल्या मिरच्या आल्या, चहा आला. नकाशा पसरून शेठ सांगत होते, इथे तिकिटाची खिडकी, इथे ठाकोरसाहेबांचे फोटो, आणि पार्सलच्या खोलीतून लोकांनी आत यायचं.

"तिथे ती बाई राहते ना?" कुणीतरी विचारलं.

"तिला नगरपालिका पाण्याच्या टाकीमागे पत्र्याची खोली देतेय. पण आत्ता नका बोलू. हरकांतभाईंना पुतळ्यासाठी तीच उभी राहायला हवी. आधी कळलं तर रुसून बसेल. पुतळा झाला की सांगू. काय हरकांतभाई?"

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. निदान तिला विचारा तरी, असं हरकांतभाईंच्या मनात आलं. पण पुतळा डोळ्यांपुढे उभा होता, त्याची कमरेवरची बोटंसुद्धा त्यांना दिसत होती. त्यांनी बशी ओठांना लावली. शेठ पुढच्या विषयावर गेले. तो विषय होता पंख्यांचा.

रूडीबेनला पुतळ्याचं सांगितलं तेव्हा ती आधी खो खो हसली. "माझा पुतळा? अहो, आता डोक्यावर ओझं ठेवलं तर मान पोटात जाईल माझी! एखादी तरणी बघा की."

"मला तुम्हीच हव्यात, रूडीबेन."

"हाय हाय, या वयात असं कुणी म्हणेलसं वाटलं नव्हतं!" ती म्हणाली आणि हरकांतभाई कानापर्यंत लाल झाले.

दुसऱ्या दिवशी ती घागरा धुऊन, बिल्ला राखेनं घासून, केसांना तेल लावून फलाटावर उभी होती. हरकांतभाईंनी सळ्यांचा सांगाडा केला, त्याला जाळी बांधली आणि थरावर थर सिमेंट चढवू लागले. रोज सकाळी ती रिकामी ट्रंक डोक्यावर घेऊन उभी राहायची. तोंड मात्र उभं राहत नसे. सासूच्या गोष्टी, प्रवाशांच्या नकला, कुठल्या जावयानं सासऱ्याच्या सामानाची हमाली बुडवली होती ते.

"मान दुखतेय का?" हरकांतभाई मधूनमधून विचारत.

"दुखू दे. पुतळ्याची दुखणार नाही ना, मग झालं."

दुपारी ती बाजरीचा रोटला, कांदा आणि शेळीच्या दुधाचा चहा द्यायची. आधी ती त्यांना साहेब म्हणे. कधीतरी साहेबाचं हरकांतभाई झालं, आणि मग नुसतं भाई. गोकुळाष्टमीच्या आदल्या दिवशी तिनं विचारलं, "भाई, म्युझियम झालं की मी कुठे निजायचं हो? पार्सलात सामान येणार म्हणतात. मला तिकिटाच्या खिडकीमागची जागा चालेल. शेळीचं तेवढं बघावं लागेल."

हरकांतभाई पुतळ्याच्या कोपराला सिमेंट लावत होते. ते कोपराकडेच बघत म्हणाले, "होईल काहीतरी. बघू."

"तुम्ही आहात म्हणून काळजी नाही," ती म्हणाली.

घरी सरयूबेन रोज एकच विचारायची. "सांगितलंत तिला?"

"उद्या सांगतो. चेहरा एवढा पुरा होऊ दे."

"चेहरा पुरा झाल्यावर कुठल्या तोंडानं सांगणार?"

चेहरा पुरा झाला. तो खरोखर असा उतरला की बघणारा थबकत असे. ओठ मिटलेले, पण आत्ताच काहीतरी टोमणा मारून मिटल्यासारखे. सगळ्यांत आश्चर्य म्हणजे ही बाई चालत होती. तरुणपणी कागदावर जे जमलं नव्हतं ते आता सिमेंटात जमलं होतं. रूडीबेन पुतळ्याभोवती फिरून आली, आणि तिनं ओढणीच्या टोकानं डोळे पुसले.

त्याच आठवड्यात नगरपालिकेचा ट्रॅक्टर आला. हरकांतभाई पुतळ्याच्या पायाशी रंग कालवत होते. माणसांनी पार्सलच्या खोलीतून खाट काढली, गोदड्या काढल्या, पितळी हंडा काढला. शेळी ओरडायला लागली. रूडीबेन बाजारातून धावत आली, ट्रॅक्टरवाल्याशी भांडली. त्यानं शेठचं नाव सांगितलं, टाकीमागची खोली सांगितली. "सगळं ठरलंय बेन, मला काय विचारता?"

तेव्हा ती हरकांतभाईंकडे वळली. "भाई, तुम्हाला ठाऊक होतं?"

खरं सांगायला एवढा सरळ प्रसंग माणसाला आयुष्यात क्वचितच मिळतो. हरकांतभाईंनी रंगाच्या डब्यात पाहिलं. "नाही," ते म्हणाले. "मलाही आत्ताच कळतंय. मी... मी बोलतो शेठशी."

आणि रूडीबेननं विश्वास ठेवला. इतकंच नाही, तिनं त्यांचीच समजूत काढली. "जाऊ दे भाई, तुम्ही नका जिवाला लावून घेऊ. मोठ्यांपुढे तुमचं आमचं काय चालतं?" मग किल्ल्यांचा जुडगा तिनं पुतळ्याच्या चौथऱ्यावर ठेवला, शेळीचं दावं हातात घेतलं आणि ट्रॅक्टरमागून चालत निघाली.

त्या संध्याकाळी हरकांतभाईंनी हात कितीतरी वेळ धुतले. सरयूबेन दारात उभी राहून बघत होती. तिनं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. शेठकडे मात्र ते गेले नाहीत. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता उद्घाटनाचा दिवस उजाडला.

त्या दिवशी सगळं गाव स्टेशनवर लोटलं. जिल्ह्याहून मोठे साहेब आले, फीत कापली गेली, हरकांतभाईंना शाल मिळाली, आणि पुतळ्यावरचा पडदा सरला तेव्हा बायकांमध्ये एकच गलका उठला, "अगं, ही तर रूडी!"

रूडीबेन आलीही होती. तोच धुतलेला घागरा, दंडावर तोच बिल्ला. कुणीतरी तिला पुढे ओढलं. भावनगरच्या वर्तमानपत्राचा माणूस वही काढून तिच्याजवळ गेला. "बेन, ही तुम्हीच का?"

"मीच. पण माझं नका लिहू, या हरकांतभाईंचं लिहा," ती भरल्या आवाजात म्हणाली. "मला इथून काढलं तेव्हा सगळ्या गावात हे एकटे 'मी बोलतो शेठशी' म्हणाले, माझ्यासाठी भांडले. नाही चाललं त्यांचं, पण भांडले. असा माणूस मिळायचा नाही."

जमलेल्या लोकांनी माना डोलावल्या. कुणी टाळीही वाजवली. हरकांतभाईंना वाटलं, आत्ता पायाखालची फरशी निघावी. त्यांनी तोंड उघडलं, पण शब्द निघायच्या आत वर्तमानपत्रवाल्यानं नगीनशेठना विचारलं, "शेठ, भांडण झालं होतं?"

शेठ मोठ्यानं हसले. त्यांच्या मनात काहीच काळं नव्हतं. "भांडण? आमचे हरकांतभाई आणि भांडण! अहो, हे सगळं ठरलं तेव्हा ते माझ्या शेजारी बसून गाठिया खात होते. पुतळा होईपर्यंत तिला सांगायचं नाही, हेही यांच्यासमोरच ठरलं. एवढा सज्जन माणूस, चकार शब्द नाही बोलला!"

लोक हसले. हसता हसता काहींच्या लक्षात आलं, आणि ते गप्प झाले.

रूडीबेननं हरकांतभाईंकडे पाहिलं. रागानं नाही. गर्दीत ओळखीचं म्हणून हाक मारावी आणि माणूस परकाच निघावा, तसं पाहिलं. मग डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि गर्दीतून वाट काढत निघून गेली. ती पाहत होती तेव्हा पुतळा शेजारीच उभा होता, त्यामुळे लोकांना तिचे दोन्ही चेहरे एकदम दिसले होते. हरकांतभाईंनी मात्र पुतळ्याकडे पाहिलं नाही.

पुढचे कितीतरी दिवस ते घराबाहेर पडले नाहीत. पाटी रंगवून घ्यायला लोक येत, त्यांना सरयूबेन परतवून लावी. अखेर एका सकाळी तिनंच चपला त्यांच्यापुढे आणून ठेवल्या. "इथे बसून कुढण्यापेक्षा तिथे जाऊन शिव्या खा."

टाकीमागची खोली पत्र्याची, भट्टीसारखी तापलेली. रूडीबेननं शिवी दिली नाही. खाट पुढे सरकवली, पाण्याचा लोटा दिला. "बसा, साहेब."

भाईचं पुन्हा साहेब झालेलं हरकांतभाईंना ऐकू आलं. लोटा हातात धरून ते म्हणाले, "मला ठाऊक होतं, रूडीबेन. मी खोटं बोललो."

"हो."

"पुतळा अर्धा राहील अशी भीती वाटली."

रूडीबेन बाजरी निवडत होती. एक खडा काढून बाजूला टाकत ती म्हणाली, "मी ट्रंक घेऊन उभी राहायचे तेव्हा तुम्ही रोज विचारायचात, मान दुखतेय का. रोज. एवढं विचारायला जीभ वळत होती तुमची. आणि हे सांगायला नाही वळली?"

हरकांतभाई पाणी पिऊन उठले, आणि घरी न जाता थेट जिनावर गेले. कमिटीची बैठक चालू होती. उभ्या उभ्याच ते म्हणाले, "शेठ, मला बोलायचंय." आवाज नेहमीपेक्षा थोडा चढला होता, तेवढ्यानंच सगळे दचकले.

"ते स्टेशन रूडीबेननं राखलं. ती नसती तर तुम्हाला म्युझियम करायला चार दगडही मिळाले नसते. तिथल्याच फलाटाच्या टोकाची कंदीलवाल्याची खोली रिकामी आहे. ती तिला द्या. किल्ल्या तिच्याकडे द्या. दार तिनं उघडायचं, तिनं लावायचं. नाहीतर माझी शाल परत घ्या आणि पुतळाही उचलून न्या."

आता शेठ भडकतील, मग आपण काय म्हणायचं, हे हरकांतभाई मनात जुळवत होते. पण नगीनशेठ त्यांच्याकडे बघतच राहिले. मग कपाळावर हात मारून म्हणाले, "अरे, खरंच की! कंदीलवाल्याची खोली. शेळीसुद्धा मावेल. त्या दिवशीच का नाही बोललात, हरकांतभाई? मी काय नाही म्हणालो असतो? आम्हाला कुणाला सुचलंच नाही हो." आणि शेजारच्याला म्हणाले, "लिहून घे रे, उद्यापासून किल्ल्या रूडीबेनकडे."

एवढंच. चहासुद्धा संपला नव्हता कुणाचा.

हरकांतभाई बाहेर आले आणि जिनाच्या दारातल्या कापसाच्या गाठीवर बसून राहिले. शेठ नाही म्हणाले असते, भांडले असते, तर त्यांना काहीतरी आधार मिळाला असता. मोठ्यांपुढे आपलं काय चालतं, असं म्हणता आलं असतं. आता तेही उरलं नाही. एका वाक्याचं काम होतं, आणि ते वाक्य त्यांनी बशीतल्या चहाबरोबर गिळलं होतं.

रूडीबेननं खोली घेतली, किल्ल्याही घेतल्या. आभार कुणाचेच मानले नाहीत. मानायचे कशाचे? ती पुन्हा सकाळी दारं उघडू लागली, फलाट झाडू लागली. मुलांनी बाकावर पाय ठेवले की जुन्या शिव्या नव्या जोमानं देऊ लागली. शाळांच्या सहली येतात तेव्हा मास्तर तिला पुतळ्याशेजारी उभं करून फोटो काढतात. ती उभी राहते. पुतळा कुणी केला असं विचारलं तर सांगते, "गावातल्या एका साहेबांनी."

एकदा हरकांतभाई ब्रश आणि काळा रंग घेऊन गेले. चौथऱ्यावर नुसतं 'मोतीसरची हमालीण' एवढंच लिहिलं होतं. "तुमचं नाव लिहू का खाली?" त्यांनी विचारलं.

"नको," रूडीबेन म्हणाली, आणि शेळीला पाला टाकायला गेली.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पण समुद्राकडून येणारं खारं वारं पुतळ्याचा रंग खातं, म्हणून दर दिवाळीआधी त्यांना जावंच लागतं. ते येतात तेव्हा पाण्याची बादली भरलेली असते, स्टूल मांडलेलं असतं. ते वर चढले की रूडीबेन खालून स्टूल घट्ट धरते, कारण म्हातारा माणूस डोळ्यांदेखत पडू द्यायचा तिचा स्वभाव नाही. काम चालू असताना ती खालून सांगते, "डावीकडे राहिलं बघा, साहेब," आणि हरकांतभाई डावीकडे रंग लावतात. दुसरं काही बोलणं होत नाही. काम झालं की ती त्यांना पाणी देते. ते उभ्यानंच पितात आणि कंसारवाड्याची वाट धरतात. त्या दिवशी जेवताना त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, हे सरयूबेनला आता ठाऊक झालं आहे.